मानपत्र जुळवणारं यंत्र

गेली वीसेक वर्षं मी मानपत्रं लिहितो. कुणी निवृत्त झालं, कुणाची पंचाहत्तरी आली, की मंडळी माझ्याकडे येतात. शाल आणि नारळ कुणीही आणेल, शब्द मात्र माझेच लागतात, असा माझा समज होता.

याच कीर्तीमुळे सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मुलामुलींनी मला बोलावलं. त्यांच्या गेममध्ये दर वेळी नवं गाव तयार होतं. नदी, गल्ल्या, माणसं, सगळं कॉम्प्युटर ठरलेल्या नियमांनी जुळवतो. हाताने कुणी काही काढत नाही. खेळणाऱ्याने पूल बांधला की गाव त्याचा सत्कार करतं. मानपत्र दर वेळी वेगळं हवं होतं.

"मानपत्र असं जुळवता येत नाही," मी म्हणालो. "त्यात माणूस उतरावा लागतो."

प्रोग्रामर मुलीने मान डोलावली आणि माझी जुनी वीस मानपत्रं मागून घेतली.

आठवड्याने तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. माझी वाक्यं कापून तिने रकान्यांत भरली होती. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' एकोणीस जणांनी केली होती.

"आणि विसावा?" मी आशेने विचारलं.

"ते कारखानदारांचे चिरंजीव होते, काका. त्यांना तुम्ही 'अनुकूल परिस्थितीतही पाय जमिनीवर' दिलंय. रूल्स तुमच्याकडे रेडीच होते, आम्ही फक्त टाइप केले."

तिने बटण दाबलं. पडद्यावर मानपत्र आलं. चांगलं होतं.

"हे मी कुणासाठी लिहिलं होतं?"

"हे तुम्ही लिहिलेलंच नाही."

मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच शनिवारी बायको शाळेतून निवृत्त होणार होती आणि मानपत्र माझ्याकडेच होतं. लिहून तयारही होतं. घरी येऊन तिचं नाव बोटाने झाकून वाचलं. मागच्या वर्षी सत्कार झालेल्या पतपेढीच्या संचालकांना ते नेमकं लागू पडत होतं. मी ते फाडलं. पुढचे तीन दिवस जे वाक्य सुचे, ते कुठल्या रकान्यातलं आहे हेही लगेच आठवे.

"अहो, झालं का माझं लिहून?" तिने विचारलं.

"चालू आहे."

"त्यात काय एवढं? नेहमीचं लिहा. पिढ्या घडवल्या वगैरे. तसंही सगळ्यांचं लक्ष बटाटेवड्याकडे असतं."

शनिवारी मी चारच वाक्यं वाचली. ही गणित शिकवते. तीस वर्षं तेच पुस्तक असूनही आदल्या संध्याकाळी वहीत सगळी गणितं पुन्हा सोडवते. उत्तर चुकलेल्या मुलाला 'चूक' म्हणत नाही, 'कुठपर्यंत बरोबर आलास?' असं विचारते. घरी मला मात्र सरळ 'चूक' म्हणते.

अध्यक्षांनी मानपत्र 'आटोपशीर' असल्याचं सांगितलं आणि उरलेला वेळ स्वतः भरून काढला.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "वहीचं तुम्हाला माहीत होतं?"

"दिसायचं की."

पुढच्या सिग्नलला तिने पिशवीतून कागदात बांधलेला बटाटेवडा काढून माझ्यापुढे केला. आमच्याकडे हे पुष्कळ झालं.

महिन्याभरात एका संगीतशिक्षकांचं मानपत्र लिहायला आलं. मी झपाट्याने लिहिलं आणि कागद टेबलावर ठेवून चहा करायला गेलो. परत आलो तेव्हा 'सूर चुकलेल्या मुलाला ते कधी चूक म्हणत नाहीत' या वाक्याखाली लाल रेघ होती, आणि समासात बायकोचं सुवाच्य अक्षर: 'कुठपर्यंत बरोबर आलात?'