भाऊजींचं पिवळ्याशी वैर

पिवळ्या रंगाशी उभा दावा मांडलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला होता. आमचे हे भाऊजी जयपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. माझी बदली तिथल्या छावणीत झाली तेव्हा आता ताईचं घर जवळ, म्हणून मला कोण आनंद झाला! पहिल्याच रविवारी जेवायला गेलो, तर भाऊजी स्टुलावर चढून दिवाणखान्यातल्या बल्बला पतंगाचा निळा कागद गुंडाळत होते. "या फौजी, बसा तिथंच. आता हलू नका," हे त्यांचं स्वागत. मी हललो नाही. स्वयंपाकघरात आमटी निवून गेली.

त्यांचं म्हणणं असं, की बाजारात मिळते ती रंगीत फिल्म उन्हासाठी बनवलेली असते. घरातल्या बल्बखाली तिच्यावर सगळं पिवळं उमटतं आणि ट्यूबलाइटखाली हिरवं. "आपल्याला ते दिसत नाही, मतलब डोळा लबाड आहे. फिल्म बिचारी खरं बोलते," हे ते दोन पिढ्या जयपुरात मुरलेल्या मराठीत सांगत. मग फ्लॅश वापरा की, असं कुणी म्हटलं की संपलंच. फ्लॅश म्हणजे माणसाच्या तोंडाला चुना फासणं! त्यापेक्षा ते कॅमेऱ्यापुढे एक निळी काच लावत. त्या काचेने पिवळेपणा जाई खरा, पण त्याबरोबर निम्म्याहून जास्त उजेडही जाई. मग एकेका फोटोसाठी भाऊजी मोठ्याने आकडे मोजत उभे आणि आम्ही श्वास कोंडून बसलेले. कुणाकडेही गेले की ते माणसांआधी छताकडे बघत. त्यांच्या लेकीच्या, मंजिरीच्या, वाढदिवसाला यांची मांडामांड होईपर्यंत मेणबत्त्या वितळून केकवर पसरल्या. सत्यनारायणाला तो पतंगाचा कागद बल्बच्या तापाने धुमसू लागला आणि गुरुजी पोथी टाकून अंगणात पळाले. आमेरच्या किल्ल्यात ताईला एका अंधाऱ्या दालनात भिंतीशी उभं करून यांनी उजेडाचा एवढा विचार केला, की परतीची बस निघून गेली. ताई रस्ताभर एक शब्द बोलली नाही. "रागावलेला चेहरा चांगला येतो. स्थिर असतो," एवढंच भाऊजी म्हणाले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मंजिरीचं लग्न ठरलं. माझी आई साताऱ्याला थोरल्या भावाकडे होती, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. जयपूरच्या प्रवासाचं नावच काढायला नको. मंजिरी तिची पहिली नात. आईने निरोप पाठवला, "मला हळदीचे फोटो तेवढे दाखवा. लग्नात सगळ्याच मुली सारख्या दिसतात. हळदीत आपली मुलगी दिसते." मी भाऊजींपुढे अक्षरशः हात जोडले, की या एका दिवसापुरता साधा फोटोग्राफर बोलावू. त्यांना तो अपमान वाटला. "आईंना खरे रंग मी पोचवणार," ते म्हणाले. झालं. हळदीच्या दिवशी सवाष्णी आंब्याची पानं मंजिरीच्या गालांना टेकवून पुतळ्यांसारख्या थांबल्या, भाऊजींचे आकडे चालू, आणि मध्येच एखादी शिंकली की पुन्हा पहिल्यापासून. ताई दात ओठ खात होती.

लग्न पार पडलं आणि फोटो आले. मंजिरीचा चेहरा दुधात धुतल्यासारखा पांढरा! गालाला, कपाळाला, हाताला, कुठेही हळदीचा ठिपका नाही. भाऊजी तडक स्टुडिओत गेले, त्यांच्या मागोमाग मी. तिथला भैया मोठ्या खुशीत होता. "प्रोफेसरसाब, आपके हर रोल में पीला निकलवाने के लिए आप झगड़ा करते हो. इस बार मैंने पहले ही कसके निकाल दिया!" म्हणजे इकडे काचेने पिवळा काढला, तिकडे भैयाने काढला, आणि दोघांच्यामध्ये पोरीची हळद गेली. पुन्हा छापायला आठवडा लागणार होता आणि आमची साताऱ्याची तिकिटं दुसऱ्या दिवशीची होती. भर रस्त्यात उभं राहून मी भाऊजींना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

साताऱ्याला आईने चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. मी मनातल्या मनात सारवासारवीची वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात भाऊजीच म्हणाले, "आई, हळद होती. मी घालवली."

आईने वहिनीला हाक मारली, "थोडी हळद कालवून आण गं." वडील गेल्यापासून आईने कुणाच्याच लग्नात हळदीला हात लावला नव्हता. ती जयपूरला आली असती तरी आपणहून मागे जाऊन बसली असती, आणि तिला पुढे ये म्हणण्याची छाती आमच्यापैकी कुणालाच झाली नसती. आता तिने फोटो उशीला टेकवला, वाटीत बोट बुडवलं आणि मंजिरीच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग कपाळाला. "बरं केलंत जावईबापू," ती म्हणाली, "माझ्यासाठी जागा ठेवलीत." भाऊजी उठून बाहेर अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढे स्टुडिओतून नवे फोटो आले. त्यांत हळद अगदी हळदीच्या रंगाची होती. आई त्याच थंडीत गेली. तिच्या वस्तू वाटताना जावयाने तोंड उघडून काही मागायचं, अशी आमच्याकडे रीत नाही. पण भाऊजींनी तो पहिला, बिघडलेला फोटो मागितला. हळद वाळून झडली होती, नुसते डाग उरले होते. मी देऊन टाकला. अलीकडे मलाही तो फार हवासा वाटतो. निगेटिव्ह आहे, कितीही प्रती निघतील. पण आईचं बोट त्यांत कुठून येणार?