कंबरेची शिवण

शिंपीमास्तरांचं हृदय थकलं, तेव्हा दवाखान्याने त्यांच्या छातीवर एक पट्टी चिकटवली. ठोके, श्वास, अंगात साठणारं पाणी, सगळं ती दूर बसलेल्या नर्सबाईंना कळवायची. मास्तर तिला ‘चुगलखोर’ म्हणायचे. “चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, आता ही माझं माप घेणार!”

एका सकाळी नर्सबाईंचा फोन आला. “मास्तर, अंगात पाणी वाढलेलं दिसतंय. पाय सुजलेत का?”

“छे! ठणठणीत आहे मी.”

शेजारी बटणं लावत बसलेली बायको उठली. तिने खुंटीवरची त्यांची पँट उलटी केली आणि फोन हातातून ओढून घेतला. “बाई, चार दिवसांत यांनी कंबर दोनदा उसवून सैल केलीय. दोरा अजून कोरा आहे. पुन्हा भरती करतील या धास्तीने मला ताकास तूर लागू दिली नाही!”

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. नर्सबाईंनी डॉक्टरांना विचारून गोळी वाढवली. “वेळेत कळलं. भरती व्हायला नको.”

आठवड्यात सूज उतरली आणि मास्तरांनी तीच शिवण पुन्हा आत घेतली. आता रोज सकाळी ते घोट्याला टेप लावतात आणि चुगलखोराच्या आधी स्वतःच फोन करून आकडा सांगतात.

“बघा,” बायको म्हणते, “गिऱ्हाइकाचा कपडा जन्मात कधी वेळेआधी दिला नाही या माणसाने!”