"येऊ नका", फक्त तीन पानांवर

आज विनूदादा गेला, आणि मी दोहाला बसून त्याचं बुकिंग बंद करत होतो.

किहीमला आमच्या शेजारीच त्याची कॉटेजं. वेबसाइट त्यानेच बनवलेली. दहावी नापास मला पीएचपी, म्हणजे वेबसाइट चालवणारी भाषा, शिकवली ती पण त्यानेच.

मी कुठल्याच कामावर टिकत नाही म्हणून घरचे वैतागायचे. दादा बोलायचा, "टिकू नको रं. शीक आन् पळ."

सकाळी वहिनीचा फोन. रडणं आवरून सरळ कामाचं बोलली.

"बाला, रूमचं बंद कर. घरात चूल न्हाय पेटायची, पावन्यांना काय घालू? पन रस्त्याचं पान ऱ्हाऊ दे. मुंबईची मानसं त्येच बघून येतील."

खरं होतं. मांडव्याला उतरून घर कसं शोधायचं, ते त्या पानावरच आहे. शेवटचं बघायला निघालेले लोक बोटीत बसले पण होते.

एसी रूम, साधी रूम, पिकनिक. तीन टेम्पलेट, म्हणजे पानांचे साचे.
पान यातल्या एकाचं असेल तरच वर नोटीस यायला हवी: "घरात दुःखद घटना. कृपया येऊ नका."

लिहिलं. सेव्ह केलं. रस्त्याचं पान उघडलं.

"कृपया येऊ नका."

लिहिलेलं परत उघडलं.

घाईत मी लिहिलेलं, टेम्पलेट एसी आहे, किंवा साधी, किंवा पिकनिक. माणसाला हे कळतं. पीएचपीला नाही.

शिकताना पण हेच केलेलं. तेव्हा दादा माडाखाली पोट धरून हसला होता.

"आरं येड्या, पयल्यालाच विचारलंस. फुडच्यांची नुसती नावं घेतलीस. नुसत्या नावाला पीएचपी हो बोलतो, मंग समद्या पानांवर तेच दिसनार. दर टायमाला नीट विचार. टेम्पलेट एसी हाय का? टेम्पलेट साधी हाय का?"

तिन्ही टेम्पलेटांसाठी वेगळं विचारलं. परत सेव्ह.

रस्त्याचं पान साफ. रूमच्या पानांवर नोटीस. कोणाला कळायच्या आत झालं.

दुपारी वहिनीचा व्हॉइस मेसेज आला. मागे माणसांचा आवाज.
"समदी आली रं. तू बी आलास, असंच धरते मी."

विमानाचं तिकीट नाही मिळालं, दादा. खांदा द्यायचा राहिला.
पण तुझ्याकडे निघालेला एकही माणूस अर्ध्यातून मागे फिरला नाही.

तेरावं झालं की बुकिंग मीच चालू करीन. वहिनीला पैशासाठी कोणाच्या दारात जायला लागणार नाही.

नीट जा, दादा. इथूनच हात जोडतो.