गोलामागून डोळे दिसत नाहीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. नमाजानंतर दुआला हात पसरले तरी ही गोष्ट ओठावर येत नाही — दुसरंच काहीबाही मागून उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की तेही खरं कारण नाही? आता पोटात राहत नाही, एवढंच असेल.

बारामतीत माझं गाद्यांचं दुकान आहे. पण जुनी माणसं मला ओळखतात ती हॉकीमुळं. तरुणपणी मी गोलकीपर होतो. बरा होतो — नाही, चांगला होतो, उगाच लाजत नाही. मैदानाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी आम्ही पाच-सात जण बसतो. क्रिकेटच्या या मुलखात हॉकीवर भांडणारी एवढीच डोकी. तिथं कीपरचा विषय निघाला की माझ्या शब्दापुढं कुणी जात नसे. ‘हमीदभाई म्हणतोय ना? मग झालं.’ हे ऐकायची मला सवय लागली होती. सवय म्हणू की व्यसन?

मग स्वप्नाली आली. सणसरच्या भगवानरावांची मुलगी. ते भेंडी, वांगी घेऊन मंडईत यायचे, आणि येताना तिला मोटारसायकलवर मागं बसवून सरावाला सोडायचे. सतरा वर्षांची, काटकुळी पोरगी. पण पायाला पॅड बांधून गोलात उभी राहिली की गोल लहान झाल्यासारखा वाटायचा. तिचे जुने पॅड उसवले तेव्हा मीच शिवून दिले. ती मला चाचा म्हणायची.

त्या वर्षी आमच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच राज्य स्पर्धेला पात्र ठरला. सगळ्या कोवळ्या पोरी, पण गोलात स्वप्नाली. कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणे, पुढची फळी कच्ची, दोन सामन्यांत परत येतील. कुणी म्हणे, आपण गोल खाणारच नाही तर हरायचं कसं? अजिंक्यपद आपलंच. मी ऐकत होतो. कीपरचा विषय चालला होता आणि मला कुणी विचारत नव्हतं.

कट्ट्यावरचा नाना माझ्या पुढं पंधरा वर्षं बॅकला, म्हणजे बचावाला, खेळलेला. मला एकेक फटका अडवताना त्यानं पाहिलेलं. तो म्हणाला, “हमीद, राग मानू नगं. पण ही पोरगी तुझ्यापरास चार पावलं म्होरं हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. वाईट काय बोलला होता तो? खरंच तर बोलला होता. आणि मला ते ठाऊक होतं — तिथंच तर सगळं बिघडलं.

मी म्हणालो, “हाय की चांगली. पण पेनल्टी कॉर्नरला, समोरनं जोराचा फटका आला की, डोळं मिटती. गोलामागं उभा ऱ्हाऊन बघितलंय मी.”

मी बघितलं नव्हतं. तिनं डोळे मिटले नव्हते. एकदाही नाही. मी गोलामागं उभा राहायचो हे खरं, पण गोलामागून कीपरची पाठ दिसते. डोळे कसे दिसतील? एवढी साधी गोष्ट कुणी विचारली नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. नाना म्हणाला, “आरं तिच्या. असं हाय व्हय?”

तेवढ्यासाठी. तेवढ्या एका नजरेसाठी मी ते बोललो.

शब्द दोन दिवसांत मैदानभर झाला. प्रशिक्षक बाईंच्या कानावर गेला. त्या तिला समोर उभी करून जवळून चेंडू मारू लागल्या — डोळे उघडे ठेव, उघडे ठेव! कडेच्या पोरी तिच्या हेल्मेटमध्ये डोकावून बघायच्या. मी कट्ट्यावरून हे बघत होतो. उठून दहा पावलं गेलो असतो तर संपलं असतं. माझी चूक झाली बाई, एवढं म्हणायला किती दम लागतो?

चौथ्या दिवशी भगवानराव दुकानात आले. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन उभे राहिले. माझ्यापेक्षा वयानं मोठे.

“हमीदभाई, तुमी खेळल्याला मानूस. पोरीचं डोळं मिटत्यात का खरंच? ती म्हनती, मला तर कळत न्हाय मिटत्यात का ते. धड जेवत न्हाय. तुमी न्हाय म्हना, मी तसंच जाऊन सांगतो तिला. तुमचा शब्द मानती ती.”

एक शब्द. ‘न्हाय.’ तो माणूस तो शब्द माझ्या तोंडात ठेवून उभा होता. पण कापसाच्या गठ्ठ्यावर नाना बसला होता. तोही माझ्याकडं बघत होता.

“मिटत्यात, भगवानराव,” मी म्हणालो. “सवय असती एकेकाला. जाईल हळूहळू.”

पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं एखादा म्हणेल. हे दुसरं निसटलं नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडाकडं बघून बोललो.

स्पर्धेला आम्ही जीप करून गेलो. पहिले दोन सामने पोरींनी रेटून काढले. उपांत्य सामना बरोबरीत चालला होता, शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. या वेळी मी गोलामागं नव्हतो. कोपऱ्याच्या झेंड्यापुढं, बाजूच्या रेषेला जाऊन उभा राहिलो, तिथून हेल्मेटच्या जाळीमागचं तिचं तोंड दिसत होतं. तिनं डोळे फाडून मोठे केले. इतके मोठे की कुणाचेही तसे राहणार नाहीत. फटका बसला — आणि बरोबर त्याच क्षणी ते मिटले.

चेंडू तिच्या पायांमधून गेला.

आता जे सांगायचं ते सगळ्यात अवघड. पोरी रडत होत्या. भगवानराव खाली बसले होते. नानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तू म्हनला व्हतास.” तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं, परतीच्या वाटेवर, भिगवणच्या पुढं कुठंतरी. त्या क्षणी मला बरं वाटलं. मी खरा ठरलो होतो. समजतंय का तुम्हाला? माझं खोटं तिनं खरं करून दाखवलं, आणि मला बरं वाटलं.

पुढच्या निवड चाचणीला ती गेली नाही. हॉकी सुटलीच तिची.

गेल्या महिन्यात बाप-लेक दुकानात आले. तिला इंदापूरला कॉलेजात प्रवेश मिळालाय, वसतिगृहासाठी गादी हवी होती. मी कापड दाखवत होतो. ती हसून म्हणाली, “चाचा, बरं झालं तुमी तवाच सांगितलं. बाकी समदी नुसती वाहवा करत हुती. न्हायतर मी आपली येड्यागत खेळतच बसले असते.”

दुकानात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. नाना नव्हता, कट्टा नव्हता. कुणासाठी गप्प बसायचं होतं? माझं तोंड उघडलंसुद्धा.

“उशी पण देऊ का?” मी विचारलं.

तिनं निळ्या खोळीची उशी निवडली. भगवानरावांनी गादी मोटारसायकलवर आडवी बांधली, आणि निघताना मला हात जोडले. मीही जोडले.