जबलपूरहून आणलेलं पिस्तूल

पिस्तूल हातात मिळालं त्या दिवशी आमच्या ह्येंनी जबलपूरच्या स्टेशनातनं मला फोन केला. कशी हाईस न्हाय, जेवलीस का न्हाय, पयलं वाक्य काय, तर "अगं, काळं हाय, आणि मुठीला लाकूड हाय." पोरगी बघून आल्यागत बोलत हुते. मी म्हशीची धार काढत हुतो. म्हटलं, नीट घिऊन या, गाडीत झोपू नका. तर म्हणाले, झोप कुणाला येतीया.

ह्ये म्हंजे आकाराम, माझं मालक. कसबा बावड्यात आमचं घर, चार म्हशी, थोडा ऊस. ह्येंची सतरा वर्षं मिलिटरीत गेली. आता मिलिटरीत म्हटलं की लोकांच्या डोळ्याम्होरं बंदूक येती. ह्येंच्या हातात झारा हुता. ह्ये कुक हुते. पलटणीच्या लंगरात दोनवेळा दोनशे माणसाचा सैपाक. बर्फात बी आणि वाळूत बी. मला इचाराल तर मी छाती पुढं काढून सांगतो. पण ह्येंचं घोडं तिथंच अडायचं. नवा पावणा आला आणि "मिलिटरीत काय हुता?" म्हणाला की ह्ये म्हणायचे, "मराठा पलटणीबरोबर हुतो," आणि लगेच उसाच्या लागणीवर घसरायचे. खोटं न्हाय, पण खरं बी गिळलेलंच की.

गिळायला लावणारा माणूस घरातलाच. विजयसिंह भावजी, ह्येंचं चुलतभाऊ. बोलायला गोड, पण जिभंला हाड न्हाय. चौकात चार माणसं जमली की भावजींचं ठरलेलं, "आमच्या आकारामनं सीमेवर कांदं कापलं आणि शत्रूच्या डोळ्यात पाणी आणलं." सगळी हसायची. ह्ये बी हसायचे. घरी आले की मात्र जेवताना मान वर करायचे न्हाईत. मला असला राग यायचा, की वाटायचं उठावं आणि भावजीच्या घरात जाऊन चार शब्द सुनवावं. ह्येच अडवायचे.

म्हणून पिस्तूल. साहेब लोकांच्या कमरंला असायचं त्ये. चहाचा कप म्होरं करताना ह्येंची नजर तिथं जायची, असं मला लग्नानंतर कितीदा सांगितलेलं. लष्करात वापरातनं काढलेली जुनी हत्यारं जबलपूरच्या भांडारात असत्यात, ती माजी सैनिकाला स्वस्तात मिळू शकत्यात, असं त्येंना मित्रानं सांगितलं आणि झालं, डोक्यात किडा शिरला. परवाना काढायला पोलीस ठाण्याच्या चकरा, चौकशीला आलेल्या हवालदाराला दोनदा चहा, मग भांडारात अर्ज आणि नंबर लागायची वाट. भावजींकडं परदेशी रिव्हॉल्व्हर हाय, त्येच्या किमतीत आमच्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशी येतील. ह्येंचं पिस्तूल एका म्हशीच्या किमतीत बसलं. मी म्हटलं, घ्या, एवढी हौस हाय तर घ्या.

आणि काय सांगू, घरात आलं तवापासनं माणूस बदललाच. रोज दूध डेअरीला घालून आले की अंघोळ, मग भाईरच्या सोप्यात पांढरी चादर हातरायची, त्यावर पिस्तूल सुटं करायचं, पुसायचं, पुन्हा जोडायचं. गोळ्या येगळ्या कुलपात, किल्ली ह्येंच्या कमरंच्या करगोट्याला. मग रिकामं पिस्तूल धरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम. हात थरथरू नये म्हणून वीट धरून उभं राहायचे, घाम गळूस्तवर. मी म्हणायचो, अहो भाकरी थंड झाली. तर म्हणायचे, श्वास सोडताना बोलू नको. साठीला आलेला माणूस, पण गालावर असली लाली की मलाच लाज वाटायची.

दसऱ्याला माजी सैनिकांच्या संघटनेनं नेमबाजी ठेवली. परवानाधारक कुणी बी यावं, रेंजवर, साहेबांच्या देखरेखीत. ह्येंनी नाव दिलं. भावजींनी बी दिलं. चौकात हा हा म्हणता बातमी पसरली, की कांदा आणि रिव्हॉल्व्हरची कुस्ती लागलीय. ह्येंना रातभर झोप न्हाय आणि मला बी न्हाय. हसं झालं असतं तर ह्येंनी परत पिस्तुलाला हात लावला नसता, आणि चौकात बी गेले नसते. मी वळखतो माझ्या माणसाला.

आता आमची आत्याबाई, ह्येंची आई, धोंडुबाई. ऐंशी पार, पण कामाला वाघ. खंडेनवमीला आमच्यात कोयता, विळा, खुरपं, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा. अवंदा मधोमध पाटावर पिस्तूल. ह्येंनी गोळ्या काढून, रिकामं करून ठेवलं आणि म्हशीकडं गेले. आत्याबाईंना असला आनंद झालता की विचारू नका. पोराचं शस्तर घरात आलंय. कोयत्याला पाणी शिंपडून हळदकुंकू लावत्यात, तसं पिस्तुलाला लावायचं एवढंच हुतं. पण आत्याबाईंनी पयलं कच्च्या दुधानं न्हाऊ घातलं. मग नळीत बघितलं आणि म्हणाल्या, आतलं बी शस्तरच की, आणि चिमटीनं हळद सोडली, वर कुंकू सोडलं. मी तवा चुलीपाशी, मला समदं मागनं कळलं. पूजा केलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा हुईस्तवर हात लावायचा न्हाय, ही आमच्यात रीत. त्यामुळं रातभर त्ये तसंच. सकाळी दसऱ्याची पूजा झाली, ह्येंनी नमस्कार केला, वरनं पुसलं, पेटीत घातलं आणि निघालो. आत्याबाईंनी ओवाळलं.

रेंजवर ही गर्दी. आम्ही बाया दोरीच्या मागं. देखरेखीला एक कर्नलसाहेब, पांढऱ्या मिशीचे. भावजींचं आधी झालं. रिव्हॉल्व्हर चकाकत हुतं, पण गोळ्या निम्म्या कागदाच्या भाईर गेल्या. भावजी म्हणाले, वारं हाय. पानसुद्धा हालत नव्हतं.

मग ह्येंचा नंबर. साहेबांनी पिस्तूल तपासायला घेतलं, नळीतनं उजेड बघायला वर धरलं आणि तसंच खाली आणलं. म्हणाले, "ह्यात पिवळं काय आहे?" भावजी पुढं झाले, वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "साहेब, पिस्तूल कुठलं, देव्हारा हाय ह्यो." सगळं मैदान हसलं. साहेबांनी मान हलवली, असल्या हत्यारानं गोळी झाडता येणार न्हाय म्हणाले. आत्याबाई माझ्या शेजारी, त्येंना कळलं आणि त्येंनी पदर तोंडात धरला.

ह्येंनी दोन मिनिटं मागितली. टेबलावर रुमाल हातरला आणि पिस्तूल सुटं केलं. सोप्यातल्या चादरीवर करायचे तसंच, घाई न्हाय, गडबड न्हाय. रेंजवरची सळई घेतली आणि चिंध्या लावून नळी साफ करायला लागले. पयली चिंधी लाल, मग पिवळी, मग नुसती ओली. नासक्या दुधाचा वास दोरीपर्यंत आला. शेवटची चिंधी पांढरी निघाली. साहेबांनी पुन्हा उजेडावर धरलं, सगळं जोडून बघितलं आणि म्हणाले, चालेल.

ह्ये उभं राहिले. मला माहीत हुतं आता श्वास सोडणार, मी माझाच श्वास धरला. आवाज झाला. परत झाला. गोळ्या संपल्या तवा साहेबांनी कागद आणवला. काळ्या गोलात भोकं हुती, सगळी न्हाईत, पण बरीच. ह्येंचा नंबर पयला न्हाय आला, तिसरा आला. मला तर नाचावं वाटत हुतं.

साहेब म्हणाले, "हात स्थिर आहे तुमचा. कुठं शिकलात? कुठल्या कामावर होता?"

भावजी साहेबांच्या मागंच उभं. त्येंच्या तोंडावर हसू आलं, आता आकाराम स्वतःच कांद्याचं सांगणार म्हणून. माझ्या ह्येंनी एकदा भावजीकडं बघितलं, आणि रेंजच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लंगरात, साहेब. फायरिंगच्या दिवशी रेंजवर चहा घिऊन जायचो, बघून बघून शिकलो. मी कुक हुतो. सतरा वर्षं."

भावजींचं हसू तोंडातच राहिलं. साहेबांनी कागदावर ह्येंचं नाव लिवलं आणि इचारलं, नावापुढं काय लिहू? ह्ये म्हणाले, "कुक लिवा." मला रडू आलं. दोरीच्या मागं सगळ्यांदेखत रडलो, मला कुणाची भीती हाय?

आता पिस्तूल कपाटात कुलपात असतंय. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायचं, संपली की आणायचं. घरात पावणं आलं की पिस्तूल बघू म्हणत्यात. ह्ये म्हणत्यात, त्ये बघू मग. आधी भिंतीवर लावलेला नेमाचा कागद दाखवत्यात, आणि नावापुढं काय लिवलंय त्ये स्वतः वाचून दाखवत्यात.