पोलादपूरपर्यंत

माझ्या बहिणीचा नवरा उन्मेष राजाध्यक्ष याच्याबद्दल जे कोणी चांगलं बोलतात, ते सगळे मोटरसायकलवाले आहेत. बाकीच्यांना तो माणूस म्हणून भेटतो, त्यामुळे त्यांची पंचाईत होते.

राहायला गिरगावात, एका वाडीत दुसऱ्या माळ्यावर. नोकरी लोअर परळच्या काचेच्या इमारतीत, विमा कंपनीत. लोकांच्या आयुष्यात धोका किती हे ठरवणाऱ्या खात्यात तो साहेब आहे. वडील आणि आजोबा, दोघंही सरकारी कचेरीत कारकून होते. छत्री घेऊन चालत ऑफिसला गेले आणि चालत परत आले. त्या दोघांनी न केलेला सगळा प्रवास आपण करायचा, असं उन्मेषने चाळिशीत ठरवलं आणि स्पोर्ट टूरर घेतली. म्हणजे वेगातही पळणारी आणि दोन माणसं, त्यांचं सामान घेऊन लांबच्या गावालाही आरामात जाणारी मोटरसायकल. कारखान्याने ती तशी पूर्ण करूनच विकली होती, पण उन्मेषच्या मते कारखान्यातल्या लोकांना तिची नीट समज नव्हती.

मग भोईवाड्यातल्या एका गॅरेजात तिच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुढची काच बदलून उंच बसवली. ती वाऱ्यात थरथरते म्हणून काढून बुटकी बसवली. हँडल वर घेतलं, मग खाली घेतलं. सायलेन्सर असा बसवला की वाडीतली तान्ही मुलं दचकून उठायला लागली. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचे कुलूपबंद बॉक्स आले आणि त्यांच्यावर लडाखचे, स्पितीचे स्टिकर आले. स्टिकर त्याने घरबसल्या मागवले होते. तो स्वतः तेव्हा लोणावळ्याच्या पुढे गेला नव्हता.

"टूरिंग ही मनाची अवस्था आहे, मयूर," तो मला एकदा म्हणाला. फडक्याने टाकी पुसत होता.

"आणि ऑफिसला, भावोजी?"

"ऑफिसला बस. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं रे. आणि परळला कोणी घासलं तर?"

तर हा माणूस ऑफिसला बसने जायचा आणि बसच्या खिडकीतून स्कूटरवाल्यांना नावं ठेवायचा. स्कूटरला तो 'पिशवी' म्हणतो. मी लालबागहून डिलाइल रोडला स्कूटरवर कामाला जातो. मला बघून तो विचारायचा, "काय, आज पिशवी आणलीस का?" मी हसायचो. बहिणीच्या नवऱ्यासमोर माणूस बऱ्याच गोष्टींना हसतो.

पद्मजाताई माझ्याहून मोठी. परळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. लालबागच्या चाळीत वाढलेली, ऐकून घेणारी नव्हे. सुरुवातीला ती या गाडीला 'सवत' म्हणायची. पण गंमत अशी, की पुढे तिलाच गाडी आवडायला लागली. वळणावर पुढच्याच्या खांद्याबरोबर कसं झुकायचं, ब्रेकला गुडघ्यांनी कसं सावरायचं, हे ती रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर शिकली. स्वतःचं जॅकेट घेतलं, हेल्मेट घेतलं. मला म्हणाली, "मयूर, वेगात असताना डोक्यातलं सगळं गळून पडतं रे. हॉस्पिटल, घर, सगळं." तिच्यासाठी म्हणून उन्मेषने मागे जाड सीट आणि पाठीला टेकण बसवून घेतलं. मला वाटलं, चला, या माणसाने दुसऱ्यासाठी काहीतरी केलं.

आमची आई, नलू, वडील गेल्यापासून देवगडजवळ गावी राहते. गावच्या देवीची जत्रा असते तेव्हा माहेरवाशिणी येऊन ओटी भरतात. त्या वर्षी उन्मेषने जाहीर केलं, की यंदा पद्मजाला मी मोटरसायकलवर घेऊन जाणार. त्याच्या मोटरसायकल ग्रुपचे चौघं गोव्याला निघाले होते, अर्धा रस्ता सोबत झाली असती. मी आदल्या दिवशीच गावी पोचलो होतो. पुढचं ताईने मला नंतर सांगितलं, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्याने.

पहाटे निघाले. फ्रीवेवर वारा होता, उजाडत होतं. पनवेल, पेण मागे पडलं. ताईला इतकं बरं वाटलं की ती हेल्मेटच्या आत गाणं म्हणायला लागली. दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र होतं, सगळ्या ग्रुपशी जोडलेलं.

"पद्मजा," उन्मेष म्हणाला, "चॅनलवर सगळे ऐकतायत."

ती गप्प झाली. गाडी पळत होती, तेवढं पुरे होतं तिला.

पोलादपूरला नाश्त्याला थांबले. तिथून एक रस्ता सरळ कोकणात जातो आणि एक डावीकडे आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. घाट वळणावळणाचा. मोटरसायकलवाल्यांचा जीव अशा रस्त्यावर अडकतो. मिसळ खाता खाता ग्रुपचं ठरलं, की घाट एकदा मारून यायचा. उन्मेषने ताईला बाजूला घेतलं.

"एक काम कर ना. आम्ही वर जाऊन लगेच खाली येतो. मागे वजन असलं की गाडी वळणावर नीट झुकत नाही. नेटवर टाकायच्या व्हिडिओलाही मजा येत नाही."

"वजन म्हणजे मी?"

"तसं नाही गं. फिजिक्स आहे ते."

"मग मी इथे बसून राहू?"

"बसून कशाला? एसटीने चिपळूणला पोच. तू पोचायच्या आत मी स्टँडवर हजर असेन."

"आणि माझी बॅग?"

"बॉक्समध्ये राहू दे. सगळं नीट बसवलंय, आता परत कोण सोडणार?"

त्या बॅगेत तिची साडी होती, देवीचा खण होता, नारळ होता, आईसाठी घेतलेलं औषध होतं. ती म्हणाली नाही, की उघड आणि दे. मी तिला विचारलं, का नाही म्हणालीस. ती म्हणाली, "चौघं बघत होते रे. मला वाटलं, दोन तासांचा तर प्रश्न आहे."

मग माझी बहीण, अंगात काळं जाड जॅकेट, गुडघ्यांना पॅड, काखोटीला हेल्मेट, अशा अवतारात एसटीत चढली. शेजारच्या बाईने विचारलं, "ताई, गाडी चोरीला गेली काय?" ताई म्हणाली, "नाही, गाडी आहे."

चिपळूणच्या स्टँडवर ती बसून राहिली. फोन केले. उन्मेषचा फोन हँडलवर लावलेला असतो, नकाशा दाखवायला, त्यामुळे तो वाजत राहतो आणि उन्मेष पुढे बघत राहतो. उन्हं कलायला लागली तेव्हा संदेश आला. प्लॅन बदलला, वर हवा मस्त आहे, सगळे आज इथेच थांबतायत, तू पुढे हो, मी उद्या दुपारी येतो, आईंना नमस्कार. शेवटी अंगठा.

कणकवलीला एसटी बदलून ती देवगडला उतरली तेव्हा बरीच रात्र झाली होती. त्यांना गावची वाट दाखवायला मी चुलत्यांची स्कूटर घेऊन स्टँडवर गेलो होतो. गाडीचा आवाज कधी येतोय याची वाट बघत होतो आणि समोरून ती चालत आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आधी घरी चल. मला हे अंगावरचं काढायचंय."

आई अंगणात उभी होती. "एकटीच इलंस? जावयबापू खय आसत?"

"घाटात."

"घाटात? काय झाला?"

"काय नाय. मजेत आसत."

आई आत वळली. ट्रंकेतून स्वतःची हिरवी साडी काढली, शेजारून खण आणि नारळ आणला. जत्रा रात्रभर चालते. ताई ती साडी नेसून देवळात गेली, रांगेत उभी राहिली, ओटी भरली. गावातल्या बायका विचारत होत्या, मालक दिसत नाहीत? ती म्हणाली, कामात आहेत, उद्या येतील. मी शेजारी उभा होतो. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. सायलेन्सरच्या आवाजाने कोंबड्या पळाल्या, माणसं जमली. हेल्मेट काढून त्याने केसांवरून हात फिरवला आणि सगळ्यांना गाडी दाखवायला लागला. बॉक्सवर पाइपने पाणी मारलं तरी आत थेंब जात नाही, असं आमच्या चुलत्यांना समजावत त्याने बॉक्स उघडला. ताईच्या बॅगेशेजारीच त्याने साखळीवर मारायच्या तेलाचा डबा ठेवला होता. तो घाटात आडवा झाला होता. बॅग, साडी, खण, सगळं काळं चिकट.

ताईने साडी वर धरून पाहिली.

"हं, हे जरा झालं," उन्मेष म्हणाला. "पण बाहेरून बघ, पाण्याचा एक थेंब आत नाही."

आई ओट्यावर बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "जावयबापू, ह्या गाडयेर माणसां किती बसतत?"

"दोन, आई. आरामात."

"मगे कालचा एक खय पडला?"

तो मोठ्याने हसला. "आई, तुमचा सेन्स ऑफ ह्यूमर भारी आहे." आणि हात धुवायला विहिरीकडे गेला. मी उठलो होतो. काय करणार होतो ठाऊक नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी परत बसलो.

परतताना ती माझ्याबरोबर कोकणकन्येने आली. तो एकटा आला आणि महिन्याभरात व्हिडिओ टाकला. नाव होतं, 'बायकोसोबत कोकण'. त्यात फ्रीवेवरची ताई होती, पेणजवळ हात हलवणारी ताई होती, मग घाटातली वळणंच वळणं, मग आमच्या अंगणातली गाडी. मधे ती कुठे गेली हे कोणालाच कळत नाही. खाली लोकांनी लिहिलं, अशी जोडी हवी. आणि ज्या गाण्यावर त्याने तिला गप्प केलं होतं, ते तिचंच गाणं हेल्मेटच्या यंत्रात रेकॉर्ड झालं होतं. ते त्याने सबंध घाटाच्या मागे लावलं होतं.

"माझा आवाज काढ त्यातून," ताई म्हणाली.

"अगं, त्याचमुळे तर लोक बघतायत."

त्यानंतर ती कधी मागे बसली नाही. थकलीये, ड्युटी आहे, पाठ दुखते, असं सांगायची. त्याने फार वेळा विचारलंही नाही. थोड्याच दिवसांत मागची सीट आणि टेकण काढून तिथे निमुळतं टोपण बसवलं, गाडी हलकी होते म्हणून. सीट विकायला काढली, जाहिरातीत लिहिलं, 'क्वचित वापरलेली'. त्याने आयुष्यात लिहिलेलं हे एकच खरं वाक्य असावं.

मग आला त्यांच्या ग्रुपचा वार्षिक मेळावा, दादरला एका हॉलमध्ये. ताईने मला फोन केला, "तू पण चल." स्टेजवर मोठा पडदा होता, खाली जॅकेट घातलेली पन्नाशीची माणसं बटाटेवडे खात होती. तिथे वर्षातल्या उत्तम जोडीचं मानचिन्ह होतं आणि ते राजाध्यक्ष पतिपत्नींना जाहीर झालं. पडद्यावर तो व्हिडिओ चालू झाला. दोघं वर गेले. उन्मेषने भाषण केलं. मागे बसणाऱ्याची काळजी हीच खऱ्या रायडरची ओळख, असं तो म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज भरून आला. तो खोटं बोलत नव्हता, हे तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. त्याला खरंच तसं वाटत होतं. पोलादपूर त्याच्या लक्षातच नव्हतं.

मग माईक ताईकडे दिला.

"मी या गाडीवरून पोलादपूरपर्यंत गेले आहे," ती म्हणाली. "तिथपर्यंत छान वाटतं. तिथून पुढे बहिणींना मी एसटी सुचवीन. पाटीवर जिथलं नाव असतं तिथेच ती जाते, आणि सामान आपलं आपल्या मांडीवर असतं."

हॉल हसायला लागला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त उन्मेष हसला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाला, "बघा, घरी रोज हे ऐकतो मी." आणखी टाळ्या.

बाहेर आल्यावर तो गाडी काढायला गेला. तिच्यावर आता एकट्याचीच जागा होती, त्यामुळे ताईने काय करायचं हा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघं टॅक्सी शोधत चालत राहिलो.

"ताई, कशाला राहतेस गं तिथे?" मी विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

तिने लांबून येणाऱ्या एका टॅक्सीला हात केला. मग म्हणाली, "आधी वाटायचं, भांडून सांगावं. आज मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं, बघितलंस ना? त्याला ऐकूच जात नाही रे. ज्याला ऐकू जात नाही त्याच्याशी भांडायला मला लाज वाटते." टॅक्सी थांबली. "मी चार दिवस लालबागला येते. कपडे उद्या आणते."

चार दिवसांची ती आता वर्षभर आमच्याकडेच आहे. हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर पडतं, असं सगळ्यांना सांगते. उन्मेष रविवारी येतो, खाली गाडी लावतो, वर येऊन चहा पितो आणि इंजिनात काय नवीन करून घेतलं ते सांगतो. बायको माहेरी का राहते, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. त्याच्या मते हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून. आणि ग्रुपच्या राइडला पोलादपूर आलं की तो सगळ्यांना थांबवून एसटीचा तो विनोद सांगतो, असं मला त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं. छान रंगवून सांगतो म्हणे. बायकोचा म्हणून नाही, स्वतःचा म्हणून.