रादरला ‘टू’ लागत नाही

शिरूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून मी संध्याकाळच्या एसटीनं घरी निघालो, की सणसवाडीपर्यंत तिथल्या कंपनीत कामाला जाणाऱ्या एक बाई बहुतेक माझ्या शेजारी असायच्या. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, मांडीवर लेकीची जुनी वही, आणि ओठ सतत पुटपुटत. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्यांनीच वही पुढं केली. ‘आय वुड रादर टू वर्क इन डे शिफ्ट.’ म्हणजे, मला दिवसपाळीच बरी. मी ‘टू’ खोडला. म्हटलं, प्रिफरनंतर ‘टू’ येतो, रादरनंतर नाही.

“म्हंजी प्रिफर पाव्हणा हाय, त्याला मान द्यायचा. रादर आपलं घरचंच,” त्या हसल्या. मला हा फरक वर्गात इतका सोपा करून कधीच सांगता आला नव्हता.

कंपनीत परदेशातून नवा साहेब आला होता. तो प्रत्येकाला कुठली शिफ्ट हवी ते विचारणार होता.

“सहा वर्सं नाईटच करतीय. कुणी इचारलं की तोंडातनं येतंच, कुठलीबी चालंल. सर, ‘चालंल’ला इंग्रजीत काय म्हणत्यात?”

मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “ऱ्हाऊ द्या, सांगू नका. ठावं झालं तर तेच म्हणंन मी.”

कुठला शब्द शिकायचा नाही, हे ठरवणारी विद्यार्थिनी मला दुसरी भेटलेली नाही.

पुढच्या सोमवारी बाकीचे नाईटवाले गाडीत चढले, पण त्या आल्या नाहीत. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. ती बघून मला इतका आनंद झाला, की कंडक्टरला दोनदा तिकीट विचारावं लागलं.